वाटा देणारा सोबती: ग्रीकांचा 'दाइमोन' मराठीत कसा आणावा

एका वाचकाचा प्रश्न आहे: "प्लेटोच्या 'अपॉलॉजी'चं, म्हणजे न्यायालयातल्या सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचं, मराठी भाषांतर करतो आहे. सॉक्रेटिसला अडवणाऱ्या आवाजासाठी मुळात 'दाइमोनियोन' असा शब्द आहे, आणि कोशात पाहिलं तर इंग्रजीतला 'डीमन' याच घराण्यातला. मग हा आवाज भल्याचा की भुताचा? प्रत्येक माणसामागे एक राखणारा आत्मा असतो असं ग्रीक लोक खरंच मानत होते का? आणि मराठीत लिहू तरी काय: देवदूत, राखणदार, की भूत?"

मी बरीच वर्षं प्राचीन ग्रीक शिकवते आहे. प्लेटोचं पहिलं पान उघडलं की हा प्रश्न वर्गात हमखास येतो. सरळ उत्तर आधी देते. दाइमोन मुळात भला नाही आणि वाईटही नाही. तो वाटा देणारा आहे. कुणाच्या वाट्याला काय यायचं हे ज्या न दिसणाऱ्या हाताने ठरतं, त्या हाताचं हे नाव. एवढं मनात ठेवून वाचलं तर त्याला 'भला' का म्हणावं लागलं, सुखाला ग्रीकांनी याच शब्दातून नाव का दिलं आणि पुढे त्याचं भूत कसं झालं, हे सगळं आपोआप उलगडतं.

शब्द निघाला आहे 'दाइओमाइ' या क्रियापदापासून. अर्थ वाटणं, भाग पाडणं. संस्कृत येणाऱ्याला इथे थांबायला हवं, कारण याच मुळाचं आपल्याकडचं रूप आहे 'दयते'. वेदात 'दयते' म्हणजे वाटून देतो, आणि आपली 'दया' त्याच शब्दातली. दाइमोन आणि दया ही अशी सख्खी भावंडं आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते पान कितीतरी वेळ उलटलं नव्हतं. धातू वेगळा पण विचार तोच अशी आणखी एक जोडी आहे: 'भज्' म्हणजे वाटणं, त्यातून भाग, भाग्य, आणि वाटा देणारा वैदिक देव भग. जुन्या इराणी भाषेत हाच 'बग' थेट 'देव' या अर्थाने येतो.

एक चूक मात्र टाळा. 'दाइमोन' आणि आपले 'देव', 'दैव' यांचं नातं जुळवायचा मोह होतो, कारण कानाला ते जवळचे वाटतात. नातं नाही. 'देव' या शब्दाचा ग्रीक नातलग झ्यूस आहे, म्हणजे आपला द्यौस. आणि ग्रीकमधला 'थेओस' म्हणजे देव, तोही आपल्या 'देव'चा कुणी लागत नाही.

होमरमध्ये दाइमोनला अजून स्वतःचं घर नाही. 'इलियड'च्या पहिल्याच सर्गात अथीना ऑलिंपसवर परतते ती "इतर दाइमोनांकडे", म्हणजे देवांकडेच. 'ओडिसी'तली माणसं मात्र हा शब्द एका विशिष्ट वेळी काढतात: काहीतरी झालंय, करणारा कुणीतरी आहे, पण नेमका कोणता देव ते ठाऊक नाही. पाचव्या सर्गातल्या एका उपमेत बाप दुखण्याने अंथरुणाला खिळलाय, "दुष्ट दाइमोनाने त्याला गाठलंय", आणि मग देव त्याला सोडवतात. उलट 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात तटावर उभा असलेला म्हातारा प्रिआम शत्रूच्या सेनापतीकडे, आगामेम्नोनकडे, पाहून त्याला 'ओल्बिओदाइमोन' म्हणतो. ज्याचा दाइमोन संपन्न, तो. सबंध महाकाव्यात हा शब्द एकदाच येतो. ज्याचं नगर वेढलेलं आहे त्या राजाने वेढा घालणाऱ्याच्या वाट्याचं कौतुक करावं, ही ओळ वाचताना मला प्रिआमची फार कणव येते.

राखणारे आत्मे ठळकपणे पहिल्यांदा भेटतात ते हेसिओदकडे, इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराला. 'कामं आणि दिवस' या त्याच्या काव्यात तो सुवर्णयुगातल्या माणसांची गोष्ट सांगतो. ती माणसं झोप लागावी तशी मेली. मातीने त्यांना झाकल्यावर झ्यूसच्या इच्छेने ती दाइमोन झाली: भली, भूतलावर वावरणारी, वाईट टाळणारी, "मर्त्य माणसांची राखण करणारी", धन देणारी. पुढे तो सांगतो की अन्नदात्या पृथ्वीवर झ्यूसचे तीन वेळा दहा हजार, म्हणजे ३०,००० अमर राखणदार आहेत. धुक्याचं वस्त्र पांघरून ते सगळीकडे हिंडतात, आणि न्यायनिवाड्यांवर व दुष्ट कृत्यांवर त्यांची नजर असते. हे तेच सुवर्णयुगातले की दुसरे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन्हीकडे "मर्त्य माणसांचे राखणदार" हे शब्द जसेच्या तसे येतात, म्हणून मी ते एकच मानते.

आता हे काव्य कुठल्या भांडणातून जन्मलं ते पाहा. हेसिओदचा भाऊ पर्सेस. बापाच्या जमिनीची वाटणी झालेली, तरी पर्सेसने जास्तीचं लाटलं आणि लाच खाणाऱ्या सरदारांनी त्याला साथ दिली. "आपण वाटणी केली होती," असं हेसिओद भावाला ऐकवतो, आणि तिथे त्याने वापरलेलं क्रियापद 'दातेओमाइ' हे 'दाइओमाइ'च्याच कुळातलं आहे. भाऊबंदकीत हरलेला शेतकरी म्हणतो आहे की वाटणीवर लक्ष ठेवणारे ३०,००० जण धुक्यातून हिंडताहेत. भाषांतरांत ही नाळ तुटते, कारण एकीकडे 'वाटणी' येते आणि दुसरीकडे 'आत्मे'. मराठीत ती जोडून ठेवता येते. वाटणी आणि वाटा हे शब्द आपल्या गावागावांत जिवंत आहेत.

हेसिओदचे हे राखणदार म्हणजे मेलेली चांगली माणसं, हेही ध्यानात ठेवा. हा धागा पुढे टिकला. इ. स. पू. ४३८ मध्ये युरिपिदिसचं 'आल्केस्तिस' रंगभूमीवर आलं. नवऱ्याच्या जागी स्वतः मरण पत्करलेल्या स्त्रीच्या थडग्याविषयी गायकवृंद म्हणतो की वाटसरू इथे थांबतील आणि म्हणतील, ही नवऱ्यासाठी मेली, आता ती धन्य दाइमोन आहे. बाई, तुला वंदन, आमचं भलं कर.

पण राखणाऱ्याची खरी ओळख करून घ्यायची तर काव्यापेक्षा जेवणघर आणि कोठीची खोली बरी. तिथे त्याला नाव आहे 'आगाथोस दाइमोन', भला दाइमोन.

ग्रीक लोक वाइन पाणी मिसळूनच पीत. निव्वळ पिणं त्यांना रानटीपणाचं वाटे. अपवाद एक: जेवण झालं, हात धुतले, की पाणी न घातलेल्या वाइनचा एक घोट घ्यायचा, "भल्या दाइमोनाचा" म्हणून. फक्त घोट. मग मेजं उचलली जात, मोठ्या भांड्यात वाइन आणि पाणी एकत्र होई आणि गप्पांची बैठक सुरू होई. फिलोखोरोस या अथीनियन इतिहासकाराने या रिवाजाचं कारण दिलं आहे: राजा आंफिक्तिऑन वाइन मिसळायला वाइनच्या देवाकडून, दिओनिससकडून, शिकला, आणि भल्या देवाची ताकद लोकांना कळावी म्हणून त्याने एवढा एकच निव्वळ घोट ठेवला. मला हे कारण फार आवडतं. जिथे ताकद पूर्ण आहे तिथे माप लहान ठेवायचं.

आरिस्तोफानिसच्या 'सरदार' या नाटकात (इ. स. पू. ४२४) दोन गुलाम संकटात सापडले आहेत. एक म्हणतो, बैलाचं रक्त पिऊन मरू या. दुसरा म्हणतो, त्यापेक्षा भल्या दाइमोनाची निव्वळ वाइन पिऊ, काही सुचेल तरी. थोड्या वेळाने त्याला युक्ती सुचते आणि तो ओरडतो, "हे भल्या दाइमोना, ही कल्पना तुझी, माझी नव्हे!" प्रेक्षक हसले असतीलच, पण घरोघरच्या तोंडचा शब्द असल्याशिवाय असा विनोद उभा राहत नाही. सिराक्यूसचा जुलमी राजा दिओनिसिओस याचीही एक गोष्ट पुढच्या ग्रंथांत येते. आस्क्लेपिऑसच्या देवळातलं सोन्याचं मेज त्याला हवं होतं. त्याने देवापुढे भल्या दाइमोनाचा पेला घेतला आणि फर्मावलं, आता मेज उचला. रिवाज साऱ्यांना इतका पाठ होता की देवळातली चोरीसुद्धा त्याच्या क्रमात बसवता आली.

बिओशिया या ग्रीक प्रांतात तर नव्या वाइनचे रांजण याच्याच नावाने उघडत. लेखक प्लुटार्क तिथल्याच कैरोनिया गावचा. तो सांगतो की आमच्याकडे प्रोस्तातेरिओस महिन्याच्या सहाव्या दिवशी भल्या दाइमोनाला बळी देऊन मगच वाइन चाखतात.

आणि हा दाइमोन दिसतो कसा? बहुतेक वेळा सापासारखा. धान्यापाशी उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो, आणि कोठीत शांतपणे राहून माल राखणारा तो घराचा होतो. मला हे अगदी साधं आणि पटणारं कारण वाटतं. कोठीचा धनी झ्यूस क्तेसिऑस, त्याचंही थेस्पियाच्या एका कोरीव शिळेवर रूप सापाचंच आहे. कोठीत त्याच्यासाठी एक झाकणाचं मडकं ठेवत, कानांना पांढरी लोकर गुंडाळत, आणि आत शुद्ध पाणी, ऑलिव्हचं तेल व नाना फळं-धान्यं घालत.

शहरालाही असा साप असे. हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की अथेन्सच्या अक्रोपोलिसवर राखणदार साप राहतो असं लोक मानत, आणि दर महिन्याला त्याच्यासाठी मधाची पोळी ठेवत. ती नेहमी संपलेली असे. इ. स. पू. ४८० मध्ये इराणी सैन्य जवळ आलं तेव्हा ती तशीच राहिली. पुजारणीने ते जाहीर केलं आणि लोक शहर सोडायला अधिक तयार झाले: देवीच गेली, आपण कशाला थांबायचं? प्लुटार्कच्या मते यामागे थेमिस्तोक्लिसचा हात होता. असेलही. पण न खाल्लेल्या पोळीचा अर्थ लोकांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

सोसिपोलिसची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जवळची. पाउसानियासने ती ऑलिंपियाच्या वर्णनात दिली आहे. आर्केडियाचं सैन्य एलिसवर चालून आलं. एक बाई अंगावर पिणारं मूल घेऊन एलिसच्या सेनापतींकडे आली आणि म्हणाली, स्वप्नात आज्ञा झाली आहे, हे मूल तुमच्या बाजूने लढायला देते. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि नागडं बाळ सैन्यापुढे जमिनीवर ठेवलं. शत्रू जवळ येताच बाळाचा साप झाला. आर्केडियाचे लोक घाबरून पळाले. साप जिथे जमिनीत शिरला तिथे देऊळ बांधलं गेलं; नाव सोसिपोलिस, नगर वाचवणारा. पाउसानियास त्याला "इथला, या मातीतला दाइमोन" म्हणतो. एक वृद्ध पुजारीण पांढऱ्या वस्त्राने डोकं-तोंड झाकून आत जाते, त्याच्यासाठी स्नानाचं पाणी नेते आणि मधात मळलेले गोळे ठेवते. बाळ आणि साप, दोन्ही एकाच देहात. आणि सेवा बाळाची, आंघोळ आणि खाऊ.

अलेक्झांड्रियात भला दाइमोन साऱ्या नगराचा झाला. अलेक्झांडरच्या दंतकथांत येतं की नगर बांधताना एक साप मजुरांना घाबरवत असे. अलेक्झांडरने त्याला मारायला लावलं आणि तिथेच त्याचं देऊळ केलं. मग तिथून पुष्कळ साप निघाले आणि घराघरांत शिरले. त्यांना लोक भले दाइमोन मानून गव्हाची लापशी ठेवत. इजिप्तमध्ये माणसाचं नशीब ठरवणारा शाइ नावाचा देव आधीच होता, त्यामुळे दोघे सहज एक झाले. कोम एल-शोकाफाच्या भुयारी दफनगृहात दाराच्या दोन बाजूंना असे मुकुटधारी साप आजही कोरलेले दिसतात. सन ५४ मध्ये नीरो गादीवर आला तेव्हा इजिप्तमधल्या एका पपायरसावर त्याला "साऱ्या जगाचा भला दाइमोन" म्हटलं आहे. घरच्या मडक्यापाशी राहणारा शब्द बादशहाच्या कौतुकाला लागला की काय होतं, हे पाहायला मला तरी सुख होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: प्रत्येक माणसाचा स्वतंत्र राखणदार. होय, पण ही कल्पना हळूहळू स्पष्ट होत गेली. नाटककार मेनांडरच्या उरलेल्या ओळींत ती अगदी उघड आहे: माणूस जन्मला की लगेच एक दाइमोन त्याच्याजवळ येऊन उभा राहतो, आयुष्याच्या दीक्षेतला भला वाटाड्या. प्लेटोच्या 'फायदो'त हाच सोबती मेल्यावर माणसाला पुढे घेऊन जातो. 'रिपब्लिक'च्या शेवटी मात्र प्लेटो सगळं उलटं करतो. जन्माला येण्याआधी आत्मे जमले आहेत आणि त्यांना सांगितलं जातं: दाइमोन तुम्हाला चिठ्ठीने मिळणार नाही, दाइमोन तुम्हीच निवडायचा आहे. वाटा देणाऱ्याचीच निवड, ज्याला वाटा मिळायचा त्याच्या हाती आली. आणि निवडलेला दाइमोन बरोबर पाठवताना त्याला शब्द लावला आहे 'फिलाक्स', राखणदार, थेट हेसिओदचा.

त्याआधीच हेराक्लायतसने तीन शब्दांत म्हटलं होतं: 'एथोस आंथ्रोपोइ दाइमोन', माणसाचा स्वभाव हाच त्याचा दाइमोन. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांपैकी एपिक्तेतस आपल्या शिष्यांना सांगे: दार लावून घेतलं, आत अंधार केला, तरी मी एकटा आहे असं म्हणू नका, देव आत आहे आणि तुमचा दाइमोनही आत आहे, त्यांना तुम्ही काय करताय ते पाहायला दिवा लागत नाही. एपिक्तेतस गुलामगिरीतून आलेला होता. एकटेपणाविषयी हे त्याने म्हणावं याला वजन आहे.

सुखाचा ग्रीक शब्द 'एउदाइमोनिया' इथूनच येतो. 'एउ' म्हणजे चांगला. ज्याचा दाइमोन चांगला, तो 'एउदाइमोन'. सुरुवातीच्या एका भाषांतरात मी डोळे मिटून सगळीकडे 'सुख' लिहिलं होतं. ते मला आज बोचतं, कारण सुख ही मनाची अवस्था झाली. ग्रीक शब्द सबंध आयुष्याविषयी बोलतो. आरिस्टॉटल वाचताना 'कृतार्थ आयुष्य' जास्त जवळ जातं. जुन्या, साध्या वापरात 'भाग्यवान' अगदी नेमका बसतो, आणि त्यातही 'भाग' आहेच. हा शब्द आपल्या समुद्राच्याही जवळ येऊन गेला आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथात एडनच्या बंदराला 'एउदाइमोन अरेबिया' म्हटलं आहे, आणि इजिप्त व हिंदुस्थान दोन्हीकडचा माल पूर्वी तिथे उतरे असं कारण दिलं आहे. त्याच ग्रंथात पुढे सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं येतात.

मग भूत कधी झालं? प्लेटोनंतर त्याच्या अकादमी या विद्यापीठाची धुरा सांभाळलेल्यांपैकी झेनोक्रातिसने दाइमोनांत भले आणि वाईट असा भेद ठळक केला. तिकडे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर झालं त्यात परक्यांचे देव 'दाइमोनिया' ठरले. निरोप्या या अर्थाचा 'आंगेलोस' हा साधा शब्द देवदूताकडे गेला, राखण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि दाइमोनाकडे उरलं झपाटणं. नव्या करारात येशू काढतो ती 'दाइमोनिया' मराठी बायबलात 'भुते' झाली आहेत आणि तिथे ते बरोबरच आहे. पण त्याच नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये'च्या सतराव्या अध्यायात, अथेन्सचे लोक पौलाविषयी म्हणतात की हा परक्या 'दाइमोनियां'चा प्रचारक दिसतो. बोलणारे अथीनियन आहेत, त्यांच्या तोंडी तो जुनाच अर्थ आहे: दैवतं. एकाच ग्रंथात एक शब्द दोन जगांत उभा आहे.

आता तुमचं भाषांतर. 'देवदूत' नको, तो आंगेलोसचा आहे. 'भूत' अर्थातच नको. 'राखणदार' मोठा सुंदर शब्द आहे आणि कोकण-गोव्यात तो आजही जागता आहे, पण आपला राखणदार गावाचा, बागेचा, जागेचा असतो. हेसिओदला, अक्रोपोलिसच्या सापाला आणि सोसिपोलिसला तो खुशाल द्या. सॉक्रेटिसला देऊ नका.

कारण सॉक्रेटिस स्वतः या आवाजाला 'दाइमोन' म्हणतच नाही. तो म्हणतो 'दाइमोनियोन', आणि हे विशेषण आहे: दाइमोनाकडचं काहीतरी, एक आवाज, एक खूण. लहानपणापासून ती येते, आणि आली की करायला निघालेल्या गोष्टीपासून परावृत्त करते. कर असं कधीच सांगत नाही. (सॉक्रेटिसचा दुसरा शिष्य झेनोफोन याच्या सांगण्यात ती काय करावं हेही सुचवते, पण तुम्ही प्लेटोचं भाषांतर करताय, तेव्हा प्लेटोबरोबर राहा.) इ. स. पू. ३९९ च्या आरोपपत्रात 'नवी दाइमोनिया आणली' असं बहुवचनी नाम करून हेच विशेषण त्याच्यावर उलटवलं होतं. म्हणून तुमच्या मराठीत सॉक्रेटिसच्या तोंडी "दाइमोनाकडची खूण" आणि आरोपात "नवी दैवतं" असा फरक दिसू द्या. दोन्हीकडे एकच नाम टाकलंत तर फिर्यादींचं म्हणणं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल.

आणि शिक्षा ठरल्यानंतरचा तो परिच्छेद जपून करा. सॉक्रेटिस सांगतो की एरवी अगदी बारीकसारीक गोष्टीतही ही खूण त्याला विरोध करायची, पण आज सकाळी घरातून निघताना, न्यायालयाची पायरी चढताना, बोलत असताना, कुठेच तिने विरोध केला नाही. यावरून तो ताडतो की जे होणार आहे ते वाईट नसावं. मूळ क्रियापदाचा अर्थ समोर उभं राहून रोखणं. 'विरोध केला नाही' हे कोरडं आहे. मी तिथे "आडवी आली नाही" असं लिहिते.